उजवी ऑल्ट कळ नेमकी कोणाची? विशेष चिन्हे टंकण्याच्या साधनांमधील भांडण

करवीर_मुद्रितशोधक | सोमवार, सकाळी १०.४०

नमस्कार मंडळी,

मी लक्ष्मीपुरीतील एका अक्षरजुळणीच्या कार्यालयात मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी अशी दोन्ही कामे करतो. सध्या पन्हाळा आणि त्याच्या आसपासच्या गडवाटांवरचे एक पुस्तक हातात आहे. मजकूर मराठी आहे, तळटीपांत संस्कृत नावे रोमन लिपीत आहेत (म्हणजे अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाखाली टिंबे), शिवाय अंशाचे चिन्ह, रुपयाचे चिन्ह आणि लांब डॅश तर पानोपानी लागतात.

माझ्या संगणकावर विंडोज आहे आणि त्यावर तीन साधने एकाच वेळी चालू असतात. पहिले म्हणजे विंडोजच्याच मराठी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी (भारत) या कळफलकाच्या मांडण्या. दुसरे, दुपारच्या पाळीत हाच संगणक वापरणाऱ्या सहकारी ताईंसाठी बसवलेले एक फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे टंकून मराठी उमटवणारे) सॉफ्टवेअर. तिसरे, महिन्यापूर्वी मी स्वतः बसवलेले विनकंपोझ, ज्यात एक ठरावीक कळ दाबून मग दोन-तीन साधी अक्षरे टंकली की विशेष चिन्ह उमटते.

हे तिसरे साधन आल्यापासून तीन गोष्टी बिघडल्या आहेत. उजवी ऑल्ट आणि ४ दाबले की पूर्वी ₹ उमटत असे, आता काहीच उमटत नाही किंवा नुसता ४ येतो. दुसरे असे की, हीच जोडी कधी सकाळी चालते आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की चालेनाशी होते, मधे मी कोणतीही मांडणी बदललेली नसताना. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. पुस्तकात ‘दऱ्या’ हा शब्द शोधला तर निम्म्या ठिकाणी तो सापडतच नाही, डोळ्यांना मात्र पानावर अगदी बरोबर दिसतो. आणि दोन ठिकाणी तर ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे उमटले आहे, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा चक्क समुद्र झाला आहे.

माझा प्रश्न असा आहे की, कळ दाबल्यावर ती आधी कोणाच्या हाती जाते, आणि या तिन्ही साधनांना एकाच संगणकावर नांदवायचे असेल तर कोणती कळ कोणाला द्यावी?

---

रंकाळा_सांज | सोमवार, सकाळी ११.०५

प्रथम फोनेटिक सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद करून पाहा. घड्याळाशेजारचे त्याचे चिन्ह लपवले म्हणजे ते बंद झाले असे होत नाही, ते मागे चालूच राहते.

---

कळीचा_मुद्दा | सोमवार, दुपारी १२.२०

मुद्रितशोधक सर, आपल्या दुसऱ्या तक्रारीतच पहिलीचे उत्तर दडलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कळफलक स्वतः अक्षर पाठवत नाही. तो ‘अमुक जागेची कळ दाबली गेली’ एवढाच एक क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर करण्याचे काम निवडलेल्या मांडणीचे, म्हणजे आपल्याकडे इनस्क्रिप्टचे किंवा इंग्रजी (भारत)चे. परंतु ते अक्षर वर्डपर्यंत किंवा मांडणीच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याआधी वाटेत कोणताही प्रोग्राम आपला एक टपाली उभा करू शकतो. विंडोजमध्ये याला हुक म्हणतात. विनकंपोझ असो, ऑटोहॉटकी असो किंवा बरीचशी जुनी फोनेटिक सॉफ्टवेअरे असोत, सगळी याच वाटेवर उभी असतात. कळ आली की ती तपासायची, आपल्या कामाची असेल तर गिळून टाकायची आणि तिच्या जागी दुसरे काही पुढे पाठवायचे, नसेल तर तशीच जाऊ द्यायची, असे या टपाल्यांचे काम.

आता मुख्य मुद्दा. असे टपाली एकाहून अधिक असतील तर जो शेवटी येऊन उभा राहिला त्याच्या हाती कळ सर्वांत आधी पडते. संगणक सुरू होताना ही साधने आपोआप चालू होतात आणि त्यांचा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. एके दिवशी फोनेटिक सॉफ्टवेअर शेवटी उठते, दुसऱ्या दिवशी विनकंपोझ शेवटी उठते, आणि उजवी ऑल्ट ज्याच्या हाती आधी पडेल त्याचे त्या दिवशी चालते. आपण मांडणी बदललेली नसते, पण रांग बदललेली असते.

रुपयाच्या चिन्हाचेही तेच. विनकंपोझची मूळ कंपोझ कळ उजवी ऑल्ट हीच असते आणि इंग्रजी (भारत) मांडणीत ₹ साठीही उजवी ऑल्टच लागते. विनकंपोझ ती वाटेतच घेते, मग मांडणीला उरतो तो एकटा ४.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एखादा प्रोग्राम आपण प्रशासक म्हणून चालवला असेल, तर साध्या अधिकाराने चालणाऱ्या साधनांना त्या खिडकीतल्या कळा दिसतच नाहीत. त्यामुळे ‘सगळीकडे चालते, फक्त या एका प्रोग्राममध्ये नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावे.

---

शिलालेख_वाचक | सोमवार, दुपारी १.१५

मी शिलाहारकालीन लेखांवर काम करतो, त्यामुळे रोमन अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबे हा माझा रोजचा विषय आहे. कळीचा_मुद्दा यांचे विवेचन पटले. त्यात एक भर घालतो, कारण या एका गोष्टीने माझे दोन दिवस खाल्ले होते.

विंडोजमध्ये ज्या मांडणीला उजव्या ऑल्टचा तिसरा मजला (म्हणजे ती कळ धरल्यावर उमटणाऱ्या अक्षरांचा वेगळा संच) असतो, तिथे उजवी ऑल्ट म्हणजे प्रत्यक्षात ‘कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र’ असेच यंत्रणा मानते. इंग्रजी (भारत) मांडणीत उजवी ऑल्ट धरून ए, आय, यू दाबले की डोक्यावर आडवी रेघ असलेले दीर्घ स्वर येतात, त्यामुळे संस्कृत नावांसाठी मी तीच मांडणी वापरतो. परंतु वर्डमध्ये कंट्रोल+ऑल्ट+एफ ही तळटीपेची आणि कंट्रोल+ऑल्ट+डी ही अंत्यटीपेची किल्ली आहे. मी ‘ड’साठी टिंबवाला डी टंकायला गेलो आणि लेखाच्या शेवटी एकामागून एक रिकाम्या अंत्यटीपा तयार झाल्या. त्या माझ्या लक्षात आल्या नाहीत. लेख संपादकांकडे गेल्यावर ‘अंत्यटीप १ ते ३ मध्ये मजकूर राहून गेला आहे का?’ अशी विचारणा आली तेव्हा उलगडा झाला.

त्यावर उपाय म्हणून मी वर्डच्या पर्यायांत जाऊन कळांचे जे सानुकूलन करता येते, त्यात कंट्रोल+ऑल्ट+डी ही नेमणूक काढून टाकली. तेव्हापासून कटकट नाही. म्हणून माझे मत असे की, वेगळे कंपोझ साधन बसवण्यापेक्षा मांडणीतच जे आहे ते पूर्ण वापरावे आणि अडणाऱ्या प्रोग्रामची एखादी किल्ली मोकळी करावी.

---

उद्यमनगरकर | सोमवार, दुपारी ३.३०

आमच्याकडे फौंड्रीच्या कामाची रेखाचित्रे होतात, तिथे व्यासाचे, अंशाचे आणि अधिक-उणेचे चिन्ह दिवसभर लागते. ऑटोकॅडमध्ये टक्क्याचे चिन्ह दोनदा आणि मग सी टंकले की व्यासाचे चिन्ह येते, डी टंकले की अंश आणि पी टंकले की अधिक-उणे. नव्या मुलाने शेजारच्या खिडकीत मराठीत पत्र लिहिले, मांडणी मराठीच राहिली आणि त्याने तसेच रेखाचित्रात व्यास टंकला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट+५ म्हणजे ‘ज्ञ’ आणि सीच्या जागी ‘म’, त्यामुळे टंकले गेले ‘ज्ञज्ञम’. आकडा मात्र त्याने मांडणी बदलून नंतर घातला. पोराची चूक काहीच नव्हती, त्याने कळा अगदी बरोबर दाबल्या होत्या.

विंडोजच्या टंकलेखनाच्या सेटिंगमध्ये ‘प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत’ असा पर्याय आहे. तो चालू केल्यावर रेखाचित्राची खिडकी इंग्रजीत आणि पत्राची मराठीत राहते. आमच्या कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर आता तो चालू आहे.

---

जोडाक्षर | सोमवार, संध्याकाळी ६.१०

मला या चर्चेत एक मूलभूत गोष्ट म्हणायची आहे. इनस्क्रिप्ट मांडणी इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आखली, १९८८ मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात ती आली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि मराठीला लागणारे ळ व ऱ ही अक्षरे तीत पहिल्यापासून आहेत. शिफ्ट+एन म्हणजे ळ, शिफ्ट+जे म्हणजे ऱ. ‘दऱ्या’ लिहायला ओ, शिफ्ट+जे, डी, तिरकी रेघ आणि ई अशा पाच कळा पुरतात. मांडणी यंत्रणेतच असल्यामुळे वाटेत कोणी टपाली उभा करावा लागत नाही आणि म्हणून भांडणही होत नाही. दोन आठवडे सवय केली की हात बसतो. फोनेटिक सॉफ्टवेअर काढून टाकावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली | सोमवार, रात्री ८.४५

जोडाक्षर दादा, आपले म्हणणे आपल्या ठिकाणी योग्य आहे, पण ते सगळ्यांना लागू करू नका. मी तीस वर्षे इंग्रजी टंकलेखन केले आहे. माझी बोटे ‘के’ कुठे आहे ते डोळे मिटून सांगतात, आणि ‘क’ म्हणजे ‘के’ हे माझ्या हाताला आपोआप कळते. मुद्रितशोधक सरांच्या सहकारी ताईंचेही बहुधा असेच असणार. दोन आठवडे सवय करा असे सांगणे सोपे आहे, परंतु ज्यांच्या हातून रोज चाळीस पाने जायची असतात त्यांना दोन आठवड्यांची मंदी परवडत नाही.

शिवाय फोनेटिक टंकण्यासाठी आता वेगळे सॉफ्टवेअर लागतच नाही. २०१९ च्या मे महिन्यातील अद्ययावतीकरणापासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कळफलक आला आहे. भाषेच्या पर्यायांत ‘मराठी’वर जाऊन ‘कळफलक जोडा’ म्हटले की तो मिळतो. तो यंत्रणेचाच भाग असल्यामुळे जोडाक्षर दादांची ‘वाटेत टपाली नको’ ही अटही पाळली जाते. मी वर्षभर तोच वापरते आहे.

---

जोडाक्षर | सोमवार, रात्री ९.२०

ताई, ही सोय माझ्या लक्षात आली नव्हती. वाटेत उभे राहणारे सॉफ्टवेअर नको, एवढाच माझा आग्रह आहे. फोनेटिक यंत्रणेतच असेल तर माझा विरोध नाही.

---

करवीर_मुद्रितशोधक | मंगळवार, सकाळी ९.५०

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरी बसून ‘दऱ्या’चा शोध घेतला. वर्डमध्ये अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबले की त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दिसतो, ही युक्ती वापरून एकेक अक्षर उलगडून पाहिले, आणि जे सापडले ते पाहून मी थक्क झालो.

पानावर अगदी एकसारखा दिसणारा ‘दऱ्या’ हा शब्द फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला आहे. काही ठिकाणी ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग पायमोडकी खूण (हलंत), मग या. काही ठिकाणी साधा र, पायमोडकी खूण, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे २००डी क्रमांकाचे जोडणारे अक्षर, आणि मग या. आणि दोन-चार ठिकाणी साधा र, त्याखाली नुक्ता (अक्षराखालचे टिंब), मग पायमोडकी खूण आणि या. जिथे ‘दर्या’ झाला आहे, तिथे दुसऱ्या प्रकारातले ते अदृश्य अक्षर गळून पडले आहे आणि र सरळ रफार होऊन य वर जाऊन बसला आहे.

माझ्या शोधात फक्त पहिला प्रकार सापडत होता, कारण मी तोच टंकत होतो. हे तीन प्रकार आले कुठून?

---

कळीचा_मुद्दा | मंगळवार, सकाळी ११.३०

सर, आपण नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. हे तीन प्रकार म्हणजे तीन साधनांच्या तीन सह्या आहेत.

पहिला प्रकार इनस्क्रिप्टच्या शिफ्ट+जेचा, आणि युनिकोडच्या दृष्टीने हाच शिफारस केलेला. दुसरा प्रकार जुन्या फोनेटिक साधनांचा. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत हा चंद्रकोरीसारखा र मिळवण्यासाठी अदृश्य जोडणारे अक्षर वापरत असत आणि तो मार्ग आजही चालू ठेवलेला आहे, म्हणून तो दिसायला बरोबरच दिसतो. तिसरा, नुक्त्याचा प्रकार बहुधा कोणीतरी हाताने शोधून काढलेला आहे, कारण इनस्क्रिप्टवर चौकटी कंसाच्या कळेवर नुक्ता असतो.

यातला एक भेद महत्त्वाचा आहे. पहिला आणि तिसरा प्रकार युनिकोडच्या नियमांनुसार एकमेकांशी समान मानले जातात, म्हणजे मजकुराचे प्रमाणीकरण केले की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. दुसऱ्या प्रकाराला अशी समानता नाही. तो कितीही प्रमाणीकरण केले तरी वेगळाच राहतो, म्हणून तो शोधून बदलणे एवढाच मार्ग उरतो.

अदृश्य अक्षर का गळते, तेही सांगतो. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात मजकूर नेताना, किंवा ‘नको असलेली अदृश्य चिन्हे काढा’ अशी एखादी साफसफाई चालवताना ते सहज उडते. ते उडाले की दऱ्यांचा दर्या होतो आणि शुद्धलेखन तपासणी गप्प बसते, कारण ‘दर्या’ हा मराठीत चांगला रूढ शब्द आहे.

‘ॲ’चेही हेच आहे. ०९७२ क्रमांकाचे अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले. त्याआधीच्या फाइलींत अ आणि त्यावर सुटी चंद्रकोर असे दोन तुकडे असतात. दिसायला तेच, पण शोधायला दुसरे, आणि इथे तर समानतेचा नियमही नाही. आपल्या पुस्तकात ‘ॲ’ने सुरू होणारी इंग्रजी नावे असतील तर सूची करण्याआधी तीही तपासा.

---

उसाचे_बिल | मंगळवार, दुपारी १२.१५

त्या अदृश्य जोडणाऱ्या अक्षराचा आमच्या तक्त्यांशीही संबंध आहे. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये ते कंट्रोल+शिफ्ट+१ वर आहे आणि तोडणारे अक्षर कंट्रोल+शिफ्ट+२ वर. एक्सेलमध्ये मात्र कंट्रोल+शिफ्ट+१ म्हणजे निवडलेल्या रकान्याला दोन दशांश स्थळांचे स्वरूप देणे आणि कंट्रोल+शिफ्ट+२ म्हणजे वेळेचे स्वरूप देणे. मी शेतकऱ्यांची नावे आणि टनेज एकाच तक्त्यात भरतो. नावात जोडणारे अक्षर घालायला गेलो, बोट १ ऐवजी २ वर पडले आणि शेजारचा टनेजचा रकाना निवडलेला होता, तर तिथले आकडे वेळ होऊन बसले. आकडा आत शाबूत होता, फक्त दिसायला घड्याळ दिसत होते, पण ते कळेपर्यंत छातीत धडधडत होते, कारण त्या आकड्यावर लोकांचे पैसे ठरतात.

तेव्हापासून नावे मी वेगळ्या मजकूर फाइलीत टंकतो आणि मग तक्त्यात चिकटवतो. इनस्क्रिप्टचा खरा ऱ वापरला तर बहुतेक नावांना त्या अदृश्य अक्षराची गरजच पडत नाही, हे मात्र मला या चर्चेतूनच कळले.

---

खिळे_ते_ऑफसेट | मंगळवार, दुपारी ४.००

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जिल्ह्यातल्या अनेक छापखान्यांत आजही पत्रिका, हँडबिले आणि स्मरणिका त्याच फाँटांत होतात, आणि तिथले भांडण आणखी वेगळे आहे. त्या फाइलींत आत मराठी अक्षरे नसतातच, आत असतात रोमन अक्षरे, आणि फाँट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. धाकटे अक्षर आणि मोठे अक्षर यांचे आकार वेगवेगळे. लेखनाचा प्रोग्राम मात्र समोर इंग्रजी आहे असे समजून वाक्याचे पहिले अक्षर मोठे करतो, सरळ अवतरणचिन्हे गोल करतो, आणि प्रत्येक वाक्याचे पहिले अक्षर भलतेच होते. आपोआप दुरुस्तीची सगळी कलमे बंद केल्याशिवाय तिथे एक ओळ धड लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी-इंग्रजी बदलायला स्क्रोल लॉक ही कळ होती. ती चालू राहिली आणि आपण तक्त्याच्या प्रोग्राममध्ये गेलो, की बाणांच्या कळांनी रकाना सरकत नाही, सगळे पान सरकते. मुद्रितशोधक सर, कंपोझसाठी दुसरी कळ शोधत असाल तर स्क्रोल लॉक घेऊ नका, एवढ्यासाठी हे सांगितले.

---

रंकाळा_सांज | मंगळवार, संध्याकाळी ५.४०

कॅप्स लॉकही नको. रोमन तळटीपांत मोठी अक्षरे लागतात.

---

दैनंदिन_वार्ता | मंगळवार, रात्री ९.१०

मी बातम्या लिहिते, त्यामुळे संक्षेपांवर माझे फार काम चालते. दोन अक्षरे टंकली की ‘शिवाजी विद्यापीठ’ किंवा ‘महालक्ष्मी मंदिर परिसर’ असे पूर्ण शब्द उमटावेत म्हणून मी एक विस्तारक साधन ठेवले होते. इंग्रजीत ते उत्तम चालायचे आणि मराठीत मात्र आधीच्या शब्दाची शेपटी खायचे. ‘काल’ या शब्दानंतर संक्षेप टंकला की ‘क’ एवढेच शिल्लक राहायचे.

पुष्कळ दिवसांनी कारण कळले. असे साधन आपण किती कळा दाबल्या ते मोजते आणि तेवढ्याच वेळा मागे खोडते. फोनेटिकमध्ये मी चार-पाच कळा दाबलेल्या असतात, पण पडद्यावर त्यातून दोनच अक्षरचिन्हे तयार झालेली असतात. साधन पाच वेळा खोडते, म्हणजे माझी दोन आणि शेजारची तीन (मोकळी जागा, ल आणि काना). कळीचा_मुद्दा यांनी सांगितलेल्या रांगेत मोजणारा एक आणि बदलणारा दुसरा, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, असा हा प्रकार आहे. मी आता संक्षेप वर्डच्याच आपोआप दुरुस्तीच्या यादीत मराठी अक्षरांत नोंदवले आहेत. ती यादी कळा मोजत नाही, उमटलेला शब्द पाहते, त्यामुळे आता काही खाल्ले जात नाही.

---

मुक्तस्रोत | बुधवार, सकाळी ८.३०

लिनक्सवर कंपोझ कळ यंत्रणेतच असते, त्यामुळे हुकांची रांग हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. परंतु एक अडचण विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखीच आहे आणि ती मुद्रितशोधक सरांना भेटणारच, म्हणून आधीच सांगतो. कंपोझचे क्रम हे अक्षरांवर लिहिलेले असतात, कळांच्या जागांवर नव्हे. अंशाच्या चिन्हासाठी ‘ओ’ दोनदा, लांब डॅशसाठी तीन आडव्या रेघा, रुपयासाठी मोठा आर आणि बरोबरचे चिन्ह. मराठी मांडणी चालू असताना ओच्या कळेवर ‘द’ आहे, म्हणजे साधनापर्यंत पोहोचते ‘द द’, आणि असा क्रम त्याच्या यादीत नसतो. तेव्हा एक तर चिन्हापुरते इंग्रजीवर जावे, नाहीतर वापरातली पाच-सहा चिन्हे मराठी अक्षरांचे क्रम देऊन स्वतःच्या यादीत घालावीत. दोन्ही यंत्रणांत स्वतःची यादी जोडता येते. मी ‘द द’ला अंश आणि ‘र र’ला रुपया असे क्रम दिले आहेत.

---

शिलालेख_वाचक | बुधवार, सकाळी १०.००

मुक्तस्रोत यांची ही युक्ती वाचून कंपोझ साधनाबद्दलचे माझे सोमवारचे मत मी थोडे बदलतो. देवनागरी मजकुराच्या मधेच चिन्ह घालायचे असेल तर दोन वेळा मांडणी बदलण्यापेक्षा हे निश्चित सोयीचे आहे. रोमन नावांसाठी मात्र मी उजव्या ऑल्टवरच राहीन.

---

करवीर_मुद्रितशोधक | शुक्रवार, संध्याकाळी ६.५०

तीन दिवस कामात गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला. काय केले ते सांगतो, म्हणजे पुढे कोणाला हीच अडचण आली तर उपयोगी पडेल.

बुधवारी सहकारी ताईंशी बोलून जुने फोनेटिक सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकले आणि त्यांच्यासाठी विंडोजचाच मराठी फोनेटिक कळफलक जोडला. पहिल्या दुपारी दोन-तीन जोडाक्षरांना त्या अडखळल्या, गुरुवारी त्यांनी नेहमीइतकी पाने पूर्ण केली. राजारामपुरीच्या ताईंचे त्यांनी विशेष आभार मानायला सांगितले आहे.

उजवी ऑल्ट पूर्णपणे इंग्रजी (भारत) मांडणीला देऊन टाकली आहे. ₹ परत आला आणि दीर्घ स्वरांच्या रेघाही आल्या. वर्डमधली अंत्यटीपेची किल्ली शिलालेख_वाचक सरांप्रमाणे काढून टाकली, आमच्या पुस्तकात अंत्यटीपा नाहीतच. विनकंपोझची कळ बदलून पॉझ केली. ती कळ आमच्या कोणत्याही प्रोग्राममध्ये वापरात नव्हती, फक्त बोट जरा लांब न्यावे लागते. मुक्तस्रोत यांचे ‘द द’ आणि ‘र र’ तसेच्या तसे घेतले आणि लांब डॅशसाठी ‘ड ड’ जोडले. खिडकीनिहाय इनपुटचा पर्यायही चालू केला. मग मुद्दाम संगणक सहा वेळा बंद-चालू करून पाहिला, सहाही वेळा सगळे एकसारखे चालले.

आता ‘दऱ्या’. संपूर्ण पुस्तकात आधी र, पायमोडकी खूण आणि अदृश्य अक्षर असा प्रकार शोधून त्या जागी ०९३१चा ऱ आणि पायमोडकी खूण घातली, मग नुक्त्याचा प्रकार तसाच बदलला. जे अदृश्य अक्षर गळून रफार झाले होते ते यंत्राने बदलण्यासारखे नव्हते, कारण ‘सूर्या’, ‘कार्या’ असे शब्द खरोखर रफाराचेच आहेत. म्हणून रफाराचा प्रत्येक य वाचून पाहिला. त्यात आधीच्या दोन ‘दर्यां’खेरीज ‘पायर्या’ चार ठिकाणी आणि ‘दुसर्या’ एका ठिकाणी सापडले, आणि त्या चार पायऱ्यांपैकी एक तर प्रकरणाच्या शीर्षकात होती. दोन मुद्रिते वाचूनही ती माझ्या नजरेतून सुटली होती, याचे मला वाईट वाटते.

‘ॲ’चे दोन तुकडे फक्त एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावात निघाले. सूचीत तेच नाव दोन वेगळ्या जागी का येते हे महिनाभर कळत नव्हते, ते आज कळले.

---

खिळे_ते_ऑफसेट | शुक्रवार, रात्री ८.०५

सर, कोणती कळ कोणाची हे एका कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. दुपारच्या पाळीला कोणी नवे माणूस आले तर पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.

---

करवीर_मुद्रितशोधक | शुक्रवार, रात्री ८.३०

आजच चिकटवला आहे. उजवी ऑल्ट मांडणीची, पॉझ कंपोझची, भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस, शिफ्ट+जे म्हणजे ऱ. खाली ताईंनी त्यांच्या अक्षरात फोनेटिकचे क्रम लिहिले आहेत. लेखकाची उरलेली दोन प्रकरणे त्यांच्या मोबाइलवरून टंकून येणार आहेत, तेव्हा ती पानांत घेण्याआधी ऱ आणि ॲ यांचे हेच शोध चालवायचे, असेही त्याच कागदावर लिहून ठेवले आहे.